बोलतो एकीकडे, ऐकतो दुसरीकडे



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही सभासदांनी व्याख्यानमालेच्या कार्यवाहांना विचारलं म्हणे, की अहो, सीबी रेडिओ महाराष्ट्रात आहे तरी कुणाकडे? प्रश्न रास्त आहे. सभागृहात हात वर करायला सांगितलं तर फारच थोडे हात वर होतील. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो ते सर भौतिकशास्त्र शिकवत, आणि मोजमापाशिवाय केलेलं विधान वहीत लिहू देत नसत. मला बोलायचं आहे ते मोजण्याबद्दलच. रेडिओ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, या दोन जागा एक आहेत की नाहीत, नसतील तर घरच्या टेबलावर त्या एकत्र आणता येतात का, एवढाच माझा विषय. हे सगळं नीट दाखवणारं, स्वस्त आणि उघडून बघता येईल असं यंत्र म्हणजे सीबी. बोलणं त्याच्याबद्दल, म्हणून अमेरिकेबद्दलही थोडं येईल, कारण ते यंत्र तिथलं आहे.

थोडक्यात इतिहास सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सामान्य नागरिकांसाठी रेडिओचा एक पट्टा राखून ठेवला गेला; सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी, हे नाव त्यावरूनच. वॉकीटॉकीच्या जनकांपैकी एक, अल ग्रॉस, यांनी त्यासाठी छोटे संच बनवले. पण तो पट्टा होता ४६० मेगाहर्ट्झच्या वरचा, आणि त्या काळच्या नळ्यांना तिथे स्थिर राहणं जड जात होतं. खरा सीबी सुरू झाला १९५८ साली, २७ मेगाहर्ट्झवर, २३ चॅनेल घेऊन. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल ४० झाले. पहिला २६.९६५ वर, चाळिसावा २७.४०५ वर. मधलं अंतर १० किलोहर्ट्झ, पण सरळ नाही. पाच ठिकाणी खेळण्यातली विमानं-गाड्या चालवण्यासाठी जागा सोडलेली आहे, आणि २३ क्रमांकाचा चॅनेल २४ आणि २५ च्या वर बसतो. जुन्या २३ चॅनेलवाल्यांचे आकडे बदलायला नकोत म्हणून हा गोंधळ तसाच ठेवला. सरकारी कामात असं होतं, फक्त आपल्याकडेच होतं असं नाही.

१९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली. पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतंय आणि पोलीस कुठल्या वळणावर उभे आहेत, हे ट्रकवाले एकमेकांना चॅनेल १९ वर सांगू लागले. त्यावर गाणी निघाली, सिनेमे निघाले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ असं टोपणनाव घेऊन सीबीवर बोलत. परवान्यांचे अर्ज इतके आले की १९८३ साली व्यक्तिगत परवान्याची अटच काढून टाकली. मग मोबाइल आले आणि ती लाट ओसरली. ट्रकवाले मात्र अजून आहेत. आणि घरी बसून संच उघडणारे हौशी लोकही आहेत. आजचं व्याख्यान त्यांच्या टेबलावरून आहे.

आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात ५ वॉटपर्यंतच्या संचाला वापराचा परवाना लागत नाही. अमेरिकन चॅनेलांशी हिशेब जुळवून पाहिला तर १ ते २७ हे चॅनेल या हद्दीत येतात. २८ वा येतो २७.२८५ वर, म्हणजे २ किलोहर्ट्झने बाहेर. अमेरिकेहून कुणी भाच्याने ४० चॅनेलचा संच आणून दिला तर वरचे १३ चॅनेल इथे वापरायचे नाहीत, हे आधी लक्षात ठेवा. हाच पट्टा औद्योगिक आणि वैद्यकीय यंत्रांनाही दिलेला आहे. त्याचा मध्यबिंदू २७.१२० मेगाहर्ट्झ. गुडघेदुखीसाठी फिजिओथेरपीवाल्यांकडे शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल. ते यंत्र २७.१२ वरच चालतं. दवाखान्याशेजारी सीबी लावला तर काय ऐकू येईल ते सांगायला नको. आणि नातवाच्या रिमोटच्या गाडीवर ‘२७ मेगाहर्ट्झ’ असा कागद चिकटवलेला पाहिला असेल तर तुम्ही या पट्ट्याला भेटलेलेच आहात.

आता संच उघडू.

साधा समज असा, की चॅनेल १९ लावला की संच २७.१८५ वर गेला; बोलणंही तिथे, ऐकणंही तिथे. जुन्या २३ चॅनेलच्या संचांत तर चॅनेलागणिक एक क्रिस्टल असेल असं वाटतं. प्रत्यक्षात डझनभराहून थोडी अधिक क्रिस्टलं असत आणि त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून सगळे चॅनेल तयार होत. पुढे पीएलएल आलं, म्हणजे स्वतःची चूक स्वतः तपासून दुरुस्त करत राहणारं एक वर्तुळ. त्यात एकच मोठं संदर्भ-क्रिस्टल असतं, १०.२४० मेगाहर्ट्झचं. हा आकडा लहरीने निवडलेला नाही. १०.२४० ला १०२४ ने भागलं की बरोबर १० किलोहर्ट्झ मिळतात, चॅनेलांमधलं अंतर. १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात. भागाकाराची चिप बनवायला सोपी.

हेच क्रिस्टल आणखी एक काम करतं. चॅनेल १ घेऊ. बऱ्याच एएम संचांत ऐकताना पीएलएल १६.२७० मेगाहर्ट्झ तयार करतं. अँटेनातून येणाऱ्या २६.९६५ मधून ते वजा केलं की उरतात १०.६९५. त्यातून १०.२४० वजा केले की उरतात ०.४५५ मेगाहर्ट्झ, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झ. घरातल्या जुन्या मिडियमवेव्ह रेडिओच्या आयएफ ट्रान्सफॉर्मरचा हाच आकडा. ज्यांनी पूर्वी मर्फी, फिलिप्स उघडले असतील त्यांना तो ओळखीचा वाटेल. एका क्रिस्टलने दोन ठिकाणची गरज भागवली. कमी भागांत काम उरकण्याची ही हुशारी मला मनापासून आवडते.

बोलताना काय होतं? इथे संचासंचात फरक आहे. काहींत बोलण्याचं बटण दाबलं की १०.६९५ चं वेगळं क्रिस्टल जागं होतं, त्यात पीएलएलचे १६.२७० मिळवले जातात आणि २६.९६५ बाहेर पडतात. काहींत पीएलएलच उडी मारून १३.४८२५ वर जातं आणि ते दुप्पट केलं जातं. पहिल्या प्रकारात गंमत आहे. ते १०.६९५ चं क्रिस्टल वयाने सरकलं, तर बोलण्याची जागा बदलेल आणि ऐकण्याची तिथेच राहील, कारण ऐकताना ते क्रिस्टल झोपलेलं असतं. डबी एक, चॅनेलचा आकडा एक, पण बोलणं आणि ऐकणं यांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी.

आणि या दोहोंपैकी ऐकण्याचा दोष मालकाला ऐकू येतो. बोलण्याचा दोष फक्त समोरच्याला. मालक म्हणतो, माझा संच ठणठणीत आहे, मला सगळे स्पष्ट ऐकू येतात. आणि समोरचे सगळे मनात म्हणत असतात की याच्या आवाजाला झालंय काय.

पण थांबा. किती सरकलं तर बिघडलं? अमेरिकन नियमांत सीबीच्या प्रक्षेपणाला दशलक्षात ५० भागांची सूट आहे. २७.१८५ वर ती होते सुमारे १३६० हर्ट्झ. आता एएम संच ३०० हर्ट्झ इकडे किंवा तिकडे असला तर? काहीही बिघडत नाही. एएममध्ये आवाजासोबत वाहक लहर स्वतः येते, ग्रहण करणारा संच तिच्याच आधाराने आवाज सोडवतो, आणि ४५५ किलोहर्ट्झच्या गाळणीची रुंदी काही किलोहर्ट्झची असते. तीनशे हर्ट्झचा फरक त्या रुंदीत कुठे विरून जातो ते कानाला कळतसुद्धा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: ज्यांचा संच फक्त एएमचा आहे आणि फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर शे-दोनशे हर्ट्झचा फरक दिसतो, त्यांनी झाकण बंद करावं. काउंटरवर शून्यं बघण्याच्या हौसेपायी चांगले संच बिघडलेले आहेत. कॉइलच्या आतली फेराइटची गाभाकांडी ठिसूळ असते. लोखंडी पेचकसाने ती फिरवायला गेलं की तडकते, अर्धी फिरते, अर्धी अडकते, आणि नंतर ती कॉइलच बदलावी लागते.

खरा प्रश्न येतो एसएसबीमध्ये.

सिंगल साइडबँडमध्ये वाहक लहर पाठवतच नाहीत, आणि दोन बाजूंपैकी एकच बाजू पाठवतात. शक्ती वाया जात नाही. अमेरिकेत एएमला ४ वॉटची मर्यादा, एसएसबीला शिखरावर १२ वॉट. तेवढ्या शक्तीत बरंच लांब जाता येतं. पण पाठवली नाही ती वाहक लहर ग्रहण करणाऱ्या संचाने स्वतः तयार करून बरोबर त्या जागी बसवायची असते. ती १०० हर्ट्झने चुकली की आवाजातला प्रत्येक सूर १०० हर्ट्झने सरकतो. समजा पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १२० हर्ट्झचा आहे. त्याचे वरचे सूर २४०, ३६०, असे पटीत असतात. ते झाले २२०, ३४०, ४६०. आता यांत पट उरली नाही. सगळे सूर एका पटीने वर गेले असते तर आवाज नुसता चढला असता. इथे प्रत्येकात सारखीच भर पडल्यामुळे नातंच मोडतं. माणूस बोलतोय हे कळतं, पण बदकासारखं.

यावर उपाय म्हणून एसएसबी संचावर एक बटण असतं, क्लॅरिफायर. ते फिरवून ऐकण्याची जागा थोडी मागे-पुढे करता येते. बनवणाऱ्यांनी ते फक्त ऐकण्यापुरतं ठेवलेलं असतं. बोलण्याची जागा आत एका ठरावीक व्होल्टेजने पक्की केलेली असते. आतमध्ये एक व्हॅरॅक्टर डायोड असतो; त्याला मिळणारं व्होल्टेज बदललं की फ्रिक्वेन्सी सरकते. ऐकताना त्याला व्होल्टेज मिळतं बटणाकडून, बोलताना मिळतं दोन रेझिस्टरांच्या जोडीकडून किंवा एका छोट्या ट्रिमरकडून. बटण मध्यावर, म्हणजे घड्याळातल्या बारावर असताना ही दोन्ही व्होल्टेजं सारखी हवीत. पंधरा-वीस वर्षांत बटणाखालचा पोटेन्शिओमीटर झिजतो, कुणी मधेच डायोड बदललेला असतो, ट्रिमरला धक्का लागलेला असतो. सारखेपणा जातो. एसएसबीत बोलणं आणि ऐकणं दूर जाण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण.

इथे एक प्रचलित उद्योग सांगितला पाहिजे, ज्याला सीबीवाले क्लॅरिफायर ‘अनलॉक’ करणं म्हणतात. म्हणजे आतली एखादी तार तोडून, एखादी जोडून, क्लॅरिफायरने बोलण्याची जागाही सरकवायची. नियमात ते बसत नाही, तरी सर्रास केलं जातं. परिणाम पाहा. दोन मित्र आहेत, दोघांचे संच असे मोकळे केलेले. पहिल्याचं बोलणं त्याच्या ऐकण्यापेक्षा १५० हर्ट्झ वर आहे. दुसऱ्याचा संच निर्दोष आहे. पहिला बोलतो. दुसऱ्याला तो चढा वाटतो, तो क्लॅरिफायर १५० ने वर नेतो. त्याबरोबर त्याचं बोलणंही १५० ने वर गेलं. आता पहिल्याला दुसरा चढा वाटतो, तो आपलं बटण १५० ने वर नेतो. त्याचं बोलणं आता मूळ जागेपासून ३०० वर. दुसरा पुन्हा मागे धावतो. दहा फेऱ्यांत दोघे दीड किलोहर्ट्झ वर पोचलेले असतात आणि दोघेही एकमेकांना म्हणत असतात, तुझा संच सरकतो रे! बटण मोकळं केलं नसतं तर हीच १५० हर्ट्झची चूक एकदा फिरवून भागली असती. लोक मुद्दाम सोय म्हणून जी दुरुस्ती करून घेतात, ती केल्यावरच बोलणं-ऐकणं तंतोतंत एका जागी असणं अनिवार्य होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

मग घरी काय करता येईल? बरंच काही. पण पेचकस हातात घेण्याआधी मोजपट्टी तपासायची.

फ्रिक्वेन्सी काउंटर आता स्वस्त झाले आहेत. लॅमिंग्टन रोडला मिळतात, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास मिळतात, घरपोचही येतात. आठ आकडे लखलखतात, शेवटचा आकडा एक हर्ट्झचा. माणूस हुरळतो. पण आठ आकडे दिसणं वेगळं आणि आठही खरे असणं वेगळं. काउंटरच्या आतही एक क्रिस्टलच आहे. ते दशलक्षात ५ भागांनी चुकलेलं असेल तर २७.१८५ वर तो काउंटर १३६ हर्ट्झने खोटं बोलतो, आणि ते आठही आकडे दाखवून बोलतो. त्या काउंटरवर विश्वास ठेवून संच ‘जुळवला’ तर बरोबर असलेला संच आपण १३६ हर्ट्झने बिघडवला. अशा तऱ्हेने बिघडलेले संच बाजारात विकायला येतात तेव्हा त्यांच्यावर ‘नुकताच अलाइन केलेला’ असं लिहिलेलं असतं.

काउंटर तपासायला आकाशातून फुकट प्रमाण मिळतं. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्सहून डब्ल्यूडब्ल्यूव्ही हे केंद्र २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर अहोरात्र वेळ आणि प्रमाण लहर पाठवत असतं. आपल्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचंही एटीए नावाचं केंद्र एके काळी १० मेगाहर्ट्झवर होतं. चीनचं बीपीएम केंद्र ५, १०, १५ वर असतं. ज्यांच्या काउंटरचा टाइमबेस, म्हणजे आतलं ते क्रिस्टल, १० मेगाहर्ट्झचा आहे त्यांनी शॉर्टवेव्हचा रेडिओ १० वर लावावा, काउंटरमधल्या क्रिस्टलजवळून एक तारेचा तुकडा रेडिओच्या अँटेनाजवळ न्यावा आणि कान द्यावा. दोन जवळच्या लहरी एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतके हेलकावे ऐकू येतात. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना गवय्या जे ऐकतो तेच हे, फक्त शंभर-दीडशे हर्ट्झऐवजी एक कोटी हर्ट्झवर. टाइमबेसचा ट्रिमर हळूहळू फिरवत गेलं की हेलकावे मंद होत जातात. पाच सेकंदांना एक हेलकावा एवढं मंद झालं की फरक उरला ०.२ हर्ट्झ; म्हणजे २७ मेगाहर्ट्झवर अर्ध्या हर्ट्झच्या आसपास. आयनांबराच्या थरांमुळे आलेली लहर स्वतःही किंचित हलते, त्यामुळे याहून पुढे जाण्यात अर्थ नाही. आपल्याला लागतं त्याच्या शेकडो पटीने हे चांगलं आहे. जीपीएसवर बांधलेला १० मेगाहर्ट्झचा आंदोलक ज्यांना परवडतो त्यांनी तो घ्यावा, पण मी सांगितलेल्या रीतीला शॉर्टवेव्हच्या रेडिओपलीकडे खर्च नाही आणि कानाला काम मिळतं.

मोजपट्टी झाली. आता डमी लोड. अँटेना लावून संच जुळवायचा नाही. तुमची खुडबुड सगळ्या चॅनेलने ऐकायची गरज नाही. अँटेनाच्या जागी ५० ओहमचा निव्वळ रेझिस्टर हवा. एक किलोओहमचे, एक-एक वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की बरोबर ५० ओहम आणि २० वॉट. कार्बन किंवा मेटल फिल्मचे घ्यावेत, वायरवाउंड नकोत; वायरवाउंड म्हणजे गुंडाळलेली तार, तो २७ मेगाहर्ट्झवर कॉइलसारखा वागतो. जुनी माणसं बल्ब लावत. बल्ब पेटतो, छान दिसतो, पण तापला की त्याचा रोध बदलतो आणि तो थोडं प्रक्षेपणही करतो.

पुरवठा १३.८ व्होल्टचा, स्थिर. संच चालू करून अर्धा तास तसाच ठेवायचा. क्रिस्टल तापमानाप्रमाणे सरकतं. थंड संच जुळवला तर गरम झाल्यावर पुन्हा वेगळा. अर्धा तास बसवत नाही म्हणून दहा मिनिटांत काम उरकणारे लोक मग महिन्याने परत जुळवायला बसतात.

फिरवण्यासाठी प्लास्टिकचा किंवा सिरॅमिकचा अलाइनमेंट पेचकस. धातूचा नको, कारण तो जवळ नेला की फ्रिक्वेन्सी बदलते आणि बाजूला घेतला की परत फिरते. आणि कुठल्याही ट्रिमरला हात लावण्याआधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. हे सांगायला सोपं आहे, करत कुणी नाही.

क्रम महत्त्वाचा. आधी संदर्भ-क्रिस्टल, १०.२४० चं. काउंटरची प्रोब थेट लावली तर प्रोबच्या कपॅसिटन्सने क्रिस्टल सरकतं, म्हणून लहान कपॅसिटरमधून, किंवा सर्किटमध्ये पुढे असलेल्या बफरवर लावायची. हे बरोबर नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ, कारण सगळ्या चॅनेलांची मुळं तिथे आहेत. त्यानंतर पीएलएलचं व्होल्टेज संचाच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहायचं. अमेरिकेत हॉवर्ड सॅम्स यांच्या प्रकाशनाने सीबी संचांच्या सर्किटांचे खंडच्या खंड काढले आणि त्यांच्या प्रती अजून हातोहात फिरतात. त्यात तुमच्या संचाचं पान मिळालं तर ते समोर ठेवल्याशिवाय काहीही करू नये.

मग बोलणं. एएमवर चॅनेल १९ लावून, डमी लोडवर बटण दाबायचं आणि काउंटर पाहायचा: २७.१८५०. एसएसबीवर नुसतं बटण दाबून काहीच बाहेर पडत नाही, म्हणून मायक्रोफोनमधून एक किलोहर्ट्झचा स्वच्छ सूर द्यायचा. फोनवरची सूर काढणारी अॅप यासाठी पुरतात. अपर साइडबँडवर २७.१८६० आणि लोअरवर २७.१८४० दिसायला हवं. कोब्रा १४८ जीटीएलसारख्या संचांत पीएलएल ३४.९८५ वर असतं आणि त्यातून ७.८ मेगाहर्ट्झ वजा होऊन चॅनेल १९ बनतो. त्यांत एएम, अपर आणि लोअर यांना वेगवेगळ्या जागी जुळवावं लागतं. अपर जुळवताना लोअर हललं तर समजावं की क्रम चुकला. तेव्हा परत सुरुवातीपासून.

सगळ्यात शेवटी ऐकणं. क्लॅरिफायर बरोबर बारावर ठेवायचा. कुठल्या तरी प्रमाण स्रोतातून, सिग्नल जनरेटरमधून म्हणा, २७.१८६० वर अगदी क्षीण लहर द्यायची आणि संच अपर साइडबँडवर ठेवायचा. स्पीकरमधून एक किलोहर्ट्झचा सूर यायला हवा. तो कानाने ठरवायचा नाही. संगणकाच्या साउंड कार्डमधून किंवा फोनमधल्या स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अॅपमधून मोजायचा. १०८० आला तर ऐकण्याची जागा ८० हर्ट्झ खाली आहे. मग रिसीव्हच्या ट्रिमरने १००० वर आणायचा. लोअरलाही तेच, २७.१८४० देऊन. झालं. बोलणं आणि ऐकणं एका जागी आलं.

याला संगणकाचीही जोड देता येते. यूएसबीत खोचायची सॉफ्टवेअर रेडिओची छोटी कांडी मिळते. तापमान-भरपाईचं क्रिस्टल असलेली घेतली तर तिची चूक दशलक्षात एक भागाच्या आसपास, म्हणजे २७ वर २७ हर्ट्झ. मित्रांचं बोलणं पडद्यावर पाहता येतं, कुणाचं कुठे उतरलंय ते दिसतं. गटातल्या सगळ्यांचे संच एका रविवारी एका टेबलावर तपासून घेण्यासाठी याहून चांगलं साधन नाही. फक्त ती कांडी डमी लोडच्या आउटपुटला सरळ जोडू नका. जोडाल तर तिथेच जळेल.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही आणि सांगणार नाही: पॉवर वाढवण्याचा ट्रिमर. सीबीच्या घरगुती ‘अलाइनमेंट’च्या नावाखाली खूप लोक फ्रिक्वेन्सीला हात न लावता फक्त तोच फिरवतात आणि मॉड्युलेशनची मर्यादा कापून टाकतात. त्याने आवाज मोठा होत नाही, शेजारच्या दोन चॅनेलांवर सांडतो. ज्याला मोठं बोलायचं आहे त्याने अँटेना नीट उंच लावावी.

आणि कायदा. अमेरिकेत सीबीच्या आतल्या दुरुस्त्या आणि जुळवण्या तांत्रिकदृष्ट्या पात्र माणसाने किंवा त्याच्या देखरेखीखाली कराव्यात असा नियम आहे. घरोघरी तो पाळला जातो असं कुणी म्हणणार नाही, पण तो चुकीचा नाही. ऐकण्याची बाजू ज्याची त्याने जुळवावी, चुकली तर नुकसान त्याचंच. बोलण्याची बाजू चुकली तर शिक्षा इतरांना, म्हणून तिच्यासाठी पात्रता मागणं योग्यच. आपल्याकडे परवान्याशिवाय वापरायचा संच मंजूर प्रकारचाच असायला हवा. तो आतून बदलला की ती सूट उरत नाही, असंच समजून चालावं.

तेव्हा सभागृहातल्या तरुण मंडळींना एकच विनंती. ट्रान्समीटर उघडून त्याला हात लावायची खाज ज्यांना आहे, आणि ती असावीच, त्यांनी केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा द्यावी. रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणी आहेत, अभ्यासक्रम बारावीच्या विद्यार्थ्याला झेपेल एवढा आहे, आणि एकदा परवाना हाती आला की २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, सीबीच्या अगदी शेजारी, आपल्या हाताने बनवलेला आणि जुळवलेला संच रीतसर वापरता येतो. परीक्षेला बसण्याआधी एक काउंटर घ्या, आणि पहिल्या रात्री तो १० मेगाहर्ट्झवर तपासून पाहा.